सात मिनिटांनी मान टाकणारं इंजिन

"इंजिनात आता बदलायचं काही उरलेलं नाही, तरी ओढत नाही," हे बोटमालकाचं पहिलंच वाक्य. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. सहा मीटरची फायबरची बोट, मागे ६० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून टांगलेलं इंजिन), चार सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर, आणि डेकखाली ९० लिटरची पक्की बसवलेली टाकी. माझ्याकडे येईपर्यंत तीन दुरुस्त्या झाल्या होत्या. पहिल्यांदा कार्ब्युरेटर उतरवून धुतले. दुसऱ्यांदा प्लग, फिल्टर आणि फ्युएल पंप नवा टाकला. तिसऱ्यांदा कॉइल बदलल्या. दर वेळी बोट पाण्यात नेऊन पळवली, सगळं उत्तम चाललं, पैसे चुकते झाले. आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत दुखणं परत.

तक्रार अशी: इंजिन एका हाकेत सुरू होतं, सावकाश चालताना गुळगुळीत वाजतं, थ्रॉटल पूर्ण उघडला की बोट सरसर वर येऊन पळायला लागते. सहा-सात मिनिटं जातात आणि मग जोर ओसरतो. थ्रॉटल तिथंच, पण आरपीएम ५५०० वरून ४५००, ४०००, मग ३२०० च्या आसपास. हळू चालवत ठेवलं किंवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की इंजिन पुन्हा ताजंतवानं. मग पुन्हा काही मिनिटं.

मालकानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, "नवीन पेट्रोल भरलं की हमखास होतं, पेट्रोलच खराब मिळतंय." दुसरी जाता जाता, हसत: "आणि हल्ली टाकी भरायलाही वैताग येतो, नोझल सारखं टक् करून बंद पडतं, पेट्रोल उसळून अंगावर येतं." पहिली गोष्ट मी वहीत लिहिली. दुसरी ऐकून सोडून दिली. ती त्याच क्षणी लिहिली असती तर पुढचं निम्मं प्रकरण घडलंच नसतं.

जोर जातो म्हणजे नेमकं काय होतं

आउटबोर्डचा जोर जाणं हे ताप येण्यासारखं आहे, त्यावरून रोग कळत नाही. म्हणून हत्यारं काढण्याआधी मी सोबत बसून ते दुखणं स्वतः पाहतो. मालक सुकाणूवर, मी मागे इंजिनाजवळ. किल-स्विचची, म्हणजे ओढली जाताच इंजिन बंद करणारी, दोरी त्यांच्या मनगटाला, कारण इंजिन अचानक उचललं तर माणूस तोल जाऊन पाण्यात पडतो, हे मी पाहिलेलं आहे.

सातव्या मिनिटाला इंजिन खरंच मान टाकू लागलं. कसं, ते महत्त्वाचं. आरपीएम आणि वेग दोन्ही बरोबरीनं खाली आले. बोटीला ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधल्या रबरी बुशानं पकड सोडली असती किंवा पंखा हवा ओढत असता, तर उलट झालं असतं: इंजिन किंचाळत वर गेलं असतं आणि बोट मात्र मागे पडली असती. तापल्यामुळे इंजिननं स्वतःला आवरलं असतं तर बझर वाजला असता आणि आरपीएम एका झटक्यात, जणू कुणी हात धरल्यासारखे, ठरावीक आकड्यावर येऊन थांबले असते. शिवाय हेडचं तापमान नेहमीसारखंच होतं. हे मुद्दाम मोजलं, कारण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार जोरात आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये. ती धार पंप पाणी उचलतोय एवढंच सांगते, ते पाणी सगळ्या वाटांनी फिरतंय असं नाही.

कॉइल गरम होऊन एखादं सिलिंडर सुटलं तर आवाज फाटतो, अख्खी बोट थरथरते. इथं तसं काही नव्हतं. इंजिन ओसरत होतं, मध्येच थोडं उचलत होतं, पुन्हा ओसरत होतं. लाटेसारखं. चारही सिलिंडर एकत्र उपाशी राहिले की असा आवाज येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नंतर धक्क्यावर तपासलं, चारही आकडे एकमेकांना धरून होते. प्लगची चिनी माती मात्र पांढरीफटक पडली होती, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी.

इंजिन ओसरत असतानाच मी नळीतला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, हातात घेतला. ही एक चाचणी कुठल्याही महागड्या उपकरणाच्या तोडीची आहे. तीन-चार वेळा दाबला आणि आरपीएम वर चढले. वीस-पंचवीस सेकंद इंजिन पूर्ण जोरात चाललं, मग पुन्हा खाली. कार्ब्युरेटरच्या वाट्या हातानं भरल्या तेवढं पेट्रोल जळेपर्यंतचा तो वेळ. आणि फुगा? दाबून सोडला तर फुगायला तयार नव्हता. गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आत ओढलेलाच राहिला.

यातून वाट सरळ दोन भागांत तुटते. फुगा आत ओढला जात असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. फुगा टणक राहत असेल आणि तरी इंजिन उपाशी, तर अडथळा पुढे, इंजिनाच्या बाजूला. आमचा अडथळा मागे होता. म्हणजे कार्ब्युरेटर, पंप, प्लग, कॉइल या सगळ्यांवर झालेला खर्च नळीच्या चुकीच्या टोकाला झाला होता.

खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी २५ लिटरची सुटी टाकी, तिची स्वतःची नळी आणि फुगा, थेट इंजिनाला जोडली. वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल. ५५०० वर काटा खिळल्यासारखा. इंजिन निर्दोष.

मीही त्याच खड्ड्यात

टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल अडवू शकतील अशा जागा मोजक्याच. टाकीत बुडालेली ओढनळी आणि तिच्या तोंडाची जाळी. टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह: नळी तुटली तर टाकी आपोआप बोटीच्या पोटात रिकामी होऊ नये म्हणून बसवलेली गोळी आणि स्प्रिंग. पाणी वेगळं करणारा फिल्टर. आणि खुद्द नळी, जिचा आतला थर सुटून पडद्यासारखा वाटेत लोंबतो, बाहेरून मात्र नळी नवीकोरी दिसते.

माझा संशय ओढनळीवर होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. टाकीत एखादा पातळ तुकडा, सीलंटचा किंवा लेबलचा, तरंगत असेल तर जोरात ओढ लागल्यावर तो जाळीला चिकटतो आणि इंजिन थांबलं की गळून पडतो. काही मिनिटं चालणं, बसणं, थांबल्यावर बरं होणं, सगळं जुळत होतं. टाकी उपसून सुमारे ३५ लिटर ठेवली, पोटात पंखा लावून वाफ बाहेर काढली (पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच साचते), आणि ओढनळी वर काढली. जाळीवर तपकिरी चिकट थर होता. फार नाही, पण होता. मला हवा होता तो गुन्हेगार सापडला, अशा समाधानात मी जाळी धुतली, व्हॉल्व्ह साफ केला, फिल्टर बदलला. फिल्टरच्या काचेत चमचाभर पाणीही निघालं. बोट पाण्यात नेली. अर्धा तास पूर्ण थ्रॉटल. उत्तम.

नऊ दिवसांनी फोन आला. "तेच."

चौथी दुरुस्ती, आणि ती माझी. राग आला तो बोटीचा नाही. त्या रात्री वही उघडून मालकानं सांगितलेलं सगळं पुन्हा वाचलं. "नवीन पेट्रोल भरलं की हमखास होतं." आतापर्यंत सगळ्यांनी या वाक्यातलं 'नवीन' हेच विशेषण धरलं होतं. दाबून वाचायचा शब्द 'भरलं' हा होता. दर दुरुस्तीच्या वेळी टाकीत किती पेट्रोल होतं? मालकाला विचारलं. कार्ब्युरेटरच्या वेळी अर्ध्याच्या आत. कॉइलच्या वेळीही. पंपाच्या वेळी नक्की आठवत नव्हतं, पण कमीच, कारण काम होईपर्यंत भरण्यात अर्थ नव्हता. माझ्या वेळी ३५ लिटर, मी स्वतःच उपसून ठेवलेले. चारही चाचण्या अर्ध्या किंवा त्याहून रिकाम्या टाकीवर झाल्या होत्या आणि चारही पास झाल्या. मग मालक टाकी काठोकाठ भरून निघायचा आणि सातव्या मिनिटाला बसायचा.

म्हणजे चार दुरुस्त्यांपैकी एकीनंही काही दुरुस्त केलेलं नव्हतं. पेट्रोलची पातळी खाली होती, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटत होतं.

सुईची चाल

टाकी भरलेली असताना बिघडतं आणि अर्धी असताना नाही, असं वागणारी वस्तू पेट्रोलच्या वाटेवर कुठलीच नाही. जाळी, व्हॉल्व्ह, नळी, फिल्टर यांना टाकी किती भरलीय याच्याशी देणंघेणं नसतं. उलट पातळी वर असली तर पंपाला उचलायला सोपंच. टाकीच्या पातळीशी ज्याचं नातं आहे अशी एकच गोष्ट उरते: पेट्रोलच्या वरची हवा.

तरीही या वेळी अंदाजावर जायचं नाही असं ठरवलं. इंजिनाच्या पंपाच्या अगदी आधी नळीत टी-जोड घालून व्हॅक्यूम गेज, म्हणजे नळीतली ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं सुईचं मापक, लावलं, सोबत वीतभर पारदर्शक नळी. टाकीत ८० लिटर भरायला लावले. भरताना मी शेजारी उभा राहिलो, आणि नोझल टक् करून बंद पडलं, फसकन पेट्रोल वर आलं. तेव्हा ते जाता जाता सांगितलेलं वाक्य आठवलं. हवेला आत जायला वाट नसेल तर बाहेर यायलाही नसणार.

आकडे असे. इंजिन बंद असताना सुईवर पाऱ्याचा साधारण एक इंच. एवढा राहणारच, कारण पंप पेट्रोलच्या पातळीपेक्षा ४० सेंटिमीटर वर होता आणि तेवढा स्तंभ पेललेला असतो. पूर्ण थ्रॉटलला दीड इंच, म्हणजे नळी आणि फिल्टर मिळून फक्त अर्ध्या इंचाचा अडथळा. हे झकास होतं. पूर्ण थ्रॉटलला अडीच इंचांच्या आत असलं की मी वाट मोकळी समजतो. दुसऱ्या मिनिटाला सुई दोनच्या वर. चौथ्याला तीन. सहाव्याला चार. थ्रॉटलला कुणी हात लावलेला नाही, आरपीएम तेच, पेट्रोलचा ओघ तोच, आणि सुई घड्याळाच्या काट्यासारखी सरकतेय. साडेचारच्या पुढे गेल्यावर पारदर्शक नळीत बुडबुडे दिसायला लागले आणि इंजिन ओसरलं.

हे बुडबुडे फसवे असतात. ते पाहून जोड गळतोय, हवा ओढली जातेय, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण हवा ओढणारा जोड पहिल्या मिनिटापासून बुडबुडे देतो आणि तिथं व्हॅक्यूम चढत नाही, उलट मोडतो. इथं व्हॅक्यूम इतका वाढला होता की गरम पेट्रोल नळीतच उकळू पाहत होतं.

खरा निकाल सुईच्या आकड्यानं नाही, तिच्या चालीनं दिला. तुंबलेला फिल्टर, दबलेली नळी, अडकलेला व्हॉल्व्ह, हे सगळे थ्रॉटल उघडताच सुई वर फेकतात आणि ती तिथंच थांबते. ओघ थांबला की खाली येते. जाळीला चिकटणारा तुकडासुद्धा सुई उडी मारून वर नेतो, मिनिटामिनिटानं सरकवत नाही. आमची सुई ओघ स्थिर असताना वेळेबरोबर चढत होती. म्हणजे अडथळा ओघाच्या वाटेवर नव्हताच. टाकी स्वतःच मागे खेचत होती.

शेवटची खूण बघायला इंजिन बंद करायला सांगितलं. ओघ शून्य. सुई साडेचारवरून अर्धाच इंच खाली आली आणि चारला थांबली. मी पुढे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. लांब 'स्स्स्स' असा आवाज, हवा आत जाण्याचा. मागे बसलेल्या मालकाला मी विचारलं, "सुई कुठे आहे?" "एकवर," ते म्हणाले. झाकण सैल ठेवून इंजिन सुरू केलं, पाणी शांत होतं म्हणून पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटल दिला. सुई दीड इंचावर खिळलेली. चाचणीपुरतं ठीक, पण झाकण सैल ठेवून बोट चालवण्याची सवय लावून घेऊ नये. पेट्रोल सांडतं, पाणी आत जातं.

दहा लिटरची हवा आणि पंचावन्न लिटरची

पातळीचं कोडं एका साध्या हिशोबात सुटतं. ६० अश्वशक्तीचं असं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण २२ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला ३७० मिलिलिटर. सात मिनिटांत जवळजवळ २.६ लिटर. टाकीत ८० लिटर असतील तर वर हवेला जागा फक्त १० लिटर. त्या दहा लिटर हवेला आता १२.६ लिटरभर ताणायचं आहे, बाहेरून भर नाही. दाब पडणारच. टाकीत ३५ लिटर असतील तर हवा ५५ लिटर, ती ताणली जाणार ५७.६ पर्यंत. तिला जाणवतही नाही. टाकीतली हवा पेट्रोलच्या वाफेनं मिसळलेली असते, त्यामुळे दाब पडण्याचं गणित इतकं सरळ नाही, पण दिशा हीच. आमच्या हवेच्या वाटेतून थोडी हवा झिरपतही होती, म्हणून तर दहा-पंधरा मिनिटं थांबलं की टाकी श्वास घेऊन मोकळी व्हायची. वाट पूर्ण बंद असती तर दुखणं थांबून बरं झालं नसतं, आणि कुणीतरी आधीच शोधून काढलं असतं. अर्धवट बिघाड जास्त छळतो.

हवेच्या वाटेबद्दल, म्हणजे व्हेंटबद्दल, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मालक म्हणाले होते, "त्याला स्क्रू नाही, कायम उघडंच असतं." सुट्या टाकीच्या झाकणावर व्हेंटचा स्क्रू असतो आणि तो उघडायचा राहिला की हेच सगळं होतं, म्हणून तो प्रश्न सगळेच विचारतात. पक्क्या टाकीचा व्हेंट मात्र १६ मिलिमीटरच्या नळीनं बोटीच्या बाजूला, कडेखाली एका छोट्या धातूच्या तोंडाशी येतो. बाहेरून पाहिलं तर ते तोंड स्वच्छ, चकचकीत. मीही पाहिलं होतं, अंगठा फिरवला होता आणि पुढे गेलो होतो.

आता ते तोंड उघडून काढलं. आतली बारीक जाळी कधीच गळून गेली होती. नळीत बोटभर आत टॉर्च मारला तर भिंतीला लिंपल्यासारखी माती दिसली. कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या माशीचं, घर. नळी टाकीकडून सोडवून कापली, तेव्हा आत दोन खोल्या निघाल्या, वाळून दगड झालेल्या, एकीला केसाएवढी भेग. झिरपणारी हवा तीच. खोलीत सुकलेले बारीक कोळी होते, पिल्लांसाठी ठेवलेली शिदोरी. मालक बराच वेळ ते तळहातावर घेऊन पाहत राहिले.

नळी साफ करण्यापेक्षा बदलली. तशी वेळ आली आणि फुंकूनच साफ करायची असेल तर टाकीकडचं टोक आधी सोडवावं. टाकी दाबाखाली आणण्यासाठी बनवलेली नसते, कॉम्प्रेसरनं ती फुगते किंवा सांध्यात उकलते. नवं तोंड जाळीसकट बसवलं, तुषार थेट आत येऊ नयेत म्हणून मागच्या दिशेला तोंड करून, आणि नळीला मध्ये झोळ राहणार नाही अशी बांधली. झोळात पेट्रोल साचतं आणि भरताना तेच बुच होऊन बसतं. फिल्टरमध्ये निघालेल्या चमचाभर पाण्याचा उगमही बहुधा तुषार झेलणारं ते जुनं तोंडच, पण त्याची मी शपथ घेणार नाही. आठवड्यानं काच पुन्हा पाहिली, कोरडी होती.

तपासणी या वेळी काठोकाठ टाकीवर. नोझल एकदाही अडखळलं नाही. पंचवीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल, ५५०० आरपीएम, सुई दीड इंचावर. गेज लगेच काढलं नाही. मालकाला म्हटलं, दोन भरलेल्या टाक्या संपेपर्यंत राहू द्या, पारदर्शक तुकडा मात्र आजच काढतो, तो इंजिनाच्या उष्णतेत टिकणारा नाही. तिसऱ्या आठवड्यात गेज परत आलं.

जाता जाता त्यांनी विचारलं, की मग तो काढून ठेवलेला जुना फ्युएल पंप टाकून द्यायचा का. मी तो बाकावर उघडून पाहिला होता. डायफ्राम मऊ, व्हॉल्व्ह घट्ट. कापडात गुंडाळून बोटीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा म्हटलं, चांगला आहे.